रबर तुटायची जागा

"ओ बाई, ती गलोल आधी खाली ठेवा. मग मी कोण, तुम्ही कोण, ते बघू."

नलूकाकू माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मावशीच्या मागे तिची कलमं माझ्या नावावर झाली आणि मी पुण्यातली नोकरी सोडून वेळणेश्वरच्या पुढच्या या गावात राहायला आले, त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या होत्या. वानरांची टोळी रोज सकाळी यायची. एक कैरी तोडायची, एक चावा घ्यायचा, टाकायची, दुसरी तोडायची. बघून जीव जळायचा. शेवटी मी मोबाईलवरून एक चकचकीत लोखंडी गलोल मागवली. पिवळ्या रबरी नळ्या, मुठीला पकड, मनगटाला आधार, सगळं होतं तिला. कुरिअरनं आली त्याच दुपारी अंगणात उभी राहून मी दगड लावला, नळ्या पार गालापर्यंत ओढल्या, आणि गडग्यापलीकडून हा आवाज आला.

गडगा म्हणजे आमच्या दोन बागांमधली जांभ्या दगडांची रचीव भिंत. एके ठिकाणी ती ढासळून खाली आली आहे, तिथून एक बाई चढून अलीकडे आल्या. सत्तरी ओलांडलेली, अंगात मॅक्सी, खांद्यावर टॉवेल, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गलोल हातातून काढून घेतली, लोखंडी टोकावर जिथं नळी चढवलेली होती तिथं अंगठ्याच्या नखानं रबर मागं सारलं आणि मला दाखवलं. केसासारखी बारीक चीर होती.

"आज नाही तर उद्या हे इथं तुटेल. तुटलं की सुटं टोक कुठं जाईल?"

"कुठं जाईल?"

त्यांनी तर्जनीचं टोक माझ्या डाव्या भुवईखाली हलकेच टेकवलं. "इथं."

मग टॉवेलाखालून कात्री काढली आणि दोन्ही नळ्या कापून टाकल्या. नवी कोरी वस्तू. मला संताप आला, पण तो बाहेर पडायच्या आत त्या वळून चालायला लागल्या होत्या. गडग्यावर चढताना म्हणाल्या, "चला, चहा पिऊ. दुसरी बांधून देत्ये."

त्यांच्या पडवीत बापू बसलेले होते, त्यांचे यजमान. उंच, हाडापेराचे, दाढी रोज करणारे. उजवा डोळा लख्ख. डावा पांढुरका, दुधात पाणी घालावं तसा. माझ्या हातातला लोखंडी सांगाडा बघून ते हसले. "काय, कापलंन वाटतं? बसा. ती माझ्या लेंग्याची नाडीसुद्धा तपासून देते."

नलूकाकू आमच्या भागात नर्स होत्या. उपकेंद्र एका टोकाला आणि वाड्या डोंगरभर, त्यामुळे नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी पायी काढली. निम्म्या गावाची नाळ त्यांनी कापलेली. निवृत्त झाल्या तरी सवयी गेल्या नव्हत्या. कुणी समोर आलं की त्या चेहऱ्याआधी नखं बघायच्या. बोलता बोलता समोरच्याची खालची पापणी ओढून "रक्त कमी आहे गो" म्हणायच्या. एकदा ग्रामसेवकाला भर रस्त्यात थांबवून त्यांनी त्याची जीभ बघितली होती. कलमांनाही त्या तसंच विचारायच्या. खोडकिड्यानं पोखरलेल्या फांदीवर हात ठेवून "कधीपासून होतंय?" असं म्हणताना मी त्यांना स्वतः ऐकलं आहे.

पण गावात त्यांचं नाव निघायचं ते गलोलीवरून. आमच्याकडे वानरांपायी घरटी एक गलोल असतेच. त्यातल्या प्रत्येक गलोलीचं रबर नलूकाकूंच्या नजरेखालून गेलेलं असायचं. त्या पहिल्या दुपारी त्यांनी मला बांधून दाखवलं, ते अजून डोळ्यांपुढे आहे. पेरूच्या फांदीचं बेचकं, साल काढून सावलीत वाळवलेलं. दोन्ही शिंगांच्या टोकाखाली बोटभर अंतरावर सगळीकडून गोल खाच, आणि तिच्या कडा काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केलेल्या. सायकलच्या ट्यूबची पट्टी त्यांनी शिंगावर ठेवली, टोक वळवून दुहेरी केलं, आणि त्याच ट्यूबची एक बारीक दोरीसारखी पट्टी घेऊन, ती ताणून ताणून, खाचेवर वेढे दिले. शेवटचं टोक वेढ्यांच्या खालून ओढून घेतलं. गाठ अशी नाहीच.

"दोऱ्यानं बांधलं तर जास्त घट्ट होणार नाही का?" मी विचारलं.

"होईल ना. घट्ट होईल आणि कापेल. रबराला रबरानंच बांधायचं. दोघं एकदम ताणतात, एकदम सैल होतात. दोरा आपला हट्ट सोडत नाही."

मग त्यांनी पट्टी माझ्या पुढ्यात सपाट केली. बेचक्याकडे रुंद होती आणि दगड धरायच्या चामड्याकडे निमुळती होत गेली होती. "रबर कधी ना कधी तुटणारच. ते चामड्याच्या बाजूला तुटलं तर पुढं जातं, बेचक्याकडं. हाताला फटका बसतो, दोन दिवस सुजतं. बेचक्याच्या बाजूला तुटलं तर मागं येतं. मागं आपलं तोंड असतं. म्हणून ज्या बाजूला तुटावं असं वाटतं ती बाजू आधीपासूनच बारीक ठेवायची. कळलं?"

कळलं होतं. तरी त्यांनी मला तीनदा सोडायला आणि तीनदा बांधायला लावलं. बापू उजव्या डोळ्यानं शांतपणे बघत होते. ते म्हणाले, "हिच्या हाताखालच्या दायांचं काय होत असेल ते आता कळलं ना तुम्हाला?"

रबर मिळवणं हा त्यांचा मोठा उद्योग होता. गुहागरला सायकलच्या दुकानात त्या महिन्याकाठी जायच्या आणि जुन्या ट्यूबा निवडून आणायच्या. निवडताना कानाजवळ धरून ताणायच्या. म्हातारं रबर कुरकुरतं, असं त्यांचं म्हणणं. मी पुष्कळदा कान लावून पाहिला, मला कधी ऐकू आलं नाही. निवडलेली रबरं घरी धुऊन, सुकवून, पावडर लावून एका पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. डबा उघडला की तान्ह्या बाळाच्या अंगाचा वास यायचा. "आता मेले टायरच ट्यूबलेस झालेत," ही त्यांची नेहमीची तक्रार. "माणसानं करायचं काय?"

गावातल्या पुरुषांना मात्र त्यांची ही तपासणी सहजासहजी पटली नव्हती. प्रत्येकाची बांधायची आपली तऱ्हा. कुणी रबर शिंगावरून नुसतं गुंडाळून घेणारे, कुणी शिंगाला चीर पाडून त्यात रबर अडकवणारे. बचत गटाच्या बायका पुडक्यांचे रबरबँड एकात एक ओवून साखळी करायच्या. आणि सखाराम सुतार भोक पाडणाऱ्यांतला. ड्रिलनं शिंगांना आरपार भोकं पाडून त्यातून रबर ओवायचा, मागं गाठ मारायचा. दिसायला सगळ्यांत सुबक गलोल त्याचीच.

वानरांवर काय उपाय करायचा यासाठी एकदा ग्रामसभा भरली. फटाके, जाळी, कुत्रे, सगळं बोलून झालं. कुणाचं कुणाला पटेना. तेवढ्यात नलूकाकू उठल्या आणि म्हणाल्या, "उपाय सापडेल तेव्हा सापडेल. तोवर गलोली वापरणार आहात ना? सगळ्या घेऊन या. रांगेत या."

त्या आवाजाला गाव लहानपणापासून भ्यायलेलं. लोक खरंच घरी जाऊन गलोली घेऊन आले आणि शाळेच्या पडवीत रांग लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "नर्सबाय, इंजेक्शन पण देणार काय?"

"देईन. कुठं देतात माहीत आहे ना? वळ."

सगळी सभा हसली. सखारामची पाळी आली. त्यांनी भोकात करंगळी घालून आतली कड चाचपली. "धार आहे रे हिला. रबर रोज थोडं थोडं कापलं जातंय."

"नर्सबाय, माझा आजा अशीच बांधायचा."

"आज्याला डोळे किती होते?"

"दोन."

"नशीबवान होता. दे इकडं."

सखारामनं दिली. तेव्हापासून ही तपासणी दरवर्षी शिमग्याच्या आधी होऊ लागली, कारण शिमग्याला मुंबईकर येतात आणि उगीचच गलोली ओढून बघतात.

स्वतः काकूंचा नेम अचूक होता. पण त्यांनी वानराच्या अंगावर कधी काही मारलं नाही. कलमांत जागोजागी पत्र्याचे तुकडे टांगलेले होते, त्यांवर त्या मातीच्या वाळवलेल्या गोळ्या मारायच्या. पत्रा दणाणायचा, टोळी पळायची, गोळीचा भुगा व्हायचा. गोळ्या बापू वळायचे. टोळीतल्या माद्यांना काकू ओळखायच्या. "ती बघ, पोटुशी आहे. जा गो बाय, त्या पलीकडच्या बागेत जा, तिकडं पायरी आहे, गोड लागेल." पलीकडची बाग माझी होती.

बापूंच्या डोळ्याची हकीकत मला वाडीत ऐकून माहीत झाली होती. बापू तरुणपणी बोटीवर होते, मोठ्या मालवाहू बोटीवर. रजेवर घरी आले असताना गलोलीचं रबर तुटून डोळ्यात बसलं. डोळा गेला, त्याबरोबर बोटही गेली. कंपनीच्या डॉक्टरनं नापास केलं. मग ते इथंच राहिले, कलमं लावली, मुलीला, शुभदाला, वाढवलं. बापू स्वतः ही गोष्ट सांगायचे तेव्हा हसत सांगायचे. "पोरगी माझ्या डोळ्यांसमोर वाढली. म्हणजे, डोळ्यासमोर." आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "माझाच आगाऊपणा. बांधता येत नव्हतं तरी बांधायला गेलो."

वैशाखातल्या एका दुपारी आम्ही तिघं गोळ्या वळत बसलो होतो. बापू पाणी प्यायला आत गेले. नलूकाकू खाली मान घालून माती मळत होत्या. त्या म्हणाल्या, "मीने, ते रबर ह्यांनी बांधलेलं नव्हतं. मी बांधलेलं होतं."

मी हातातली गोळी खाली ठेवली.

"शुभदा रांगत होती तेव्हा. ह्यांची रजा संपत आली होती, दुसऱ्या बोटीचे कागद तयार होते. नारळावर वानरं यायची म्हणून ह्यांनी बेचकं तासलं. मला म्हणाले, नलू, तुझ्या गाठी घट्ट असतात, तूच बांध. मला गर्व होता गो माझ्या गाठीचा. मोठे डॉक्टर म्हणायचे, नर्सबाई, टाका घालायला तुम्हीच या. मी टाक्यांचाच दोरा घेतला. पिळून पिळून आवळला. तो दोरा आतल्या आत रबर खात गेला आणि मला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी हे अंगणात उभे राहिले, ओढलं, आणि नुसते खाली बसले. ओरडलेसुद्धा नाहीत. मी चुलीपाशी होते. बाहेर आले तर हात डोळ्यावर आणि बोटांतून..." त्यांनी मातीचा हात हवेत धरला आणि तसाच खाली घेतला. "जीपमधून चिपळूणला नेलं. तिथून मुंबईला. सगळं केलं."

आतून तांब्या ठेवल्याचा आवाज आला आणि बापू दारात येऊन उभे राहिले.

"खोटं सांगते ती. तिनं बांधलेलं मी सकाळीच सोडून टाकलं होतं. सैल वाटलं मला. मग माझं मी बांधलं."

"कशानं बांधलंत?" काकूंनी मान वर न करता विचारलं.

"सुतळीनं."

"मागच्या गणपतीत शुभदाला सांगितलंत, नाडीनं."

"नाडीनं म्हणजे... ती सुतळीचीच नाडी होती."

"आणि त्याच्या आधी तारेनं म्हणाला होतात."

बापूंनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी मध्यस्थ होते. "बघा. इतक्या वर्षांपूर्वीचं माणसाला आठवतंय होय?"

"एवढी वर्षं झाली, ह्यांना अजून दोरा ठरवता येत नाही," काकू मला म्हणाल्या. त्यांच्या ओठांवर हसू होतं आणि डोळे भरलेले होते. बापू खाली बसले आणि गोळ्या वळायला लागले. त्यांच्या गोळ्या अगदी एकसारख्या यायच्या.

पुढच्या हंगामात काकूंच्या दुसऱ्या अंगाची मोठी बाग एका ठेकेदारानं घेतली. राखणीला नेपाळहून मानबहादूर आणि त्याची बायको आली. आमच्याकडे आता सगळ्या मोठ्या बागांवर हीच माणसं असतात. कार्तिकात येतात, आंबा उतरला की जातात. मानबहादूर तिशीतला, गोरटेला, गाल कायम उन्हानं तांबडे झालेले. पहिल्याच आठवड्यात काकूंनी त्याला तिकडच्या गडग्यावरून बोलावून घेतलं. त्याच्याकडे बाजारातली जाड रबराची गलोल होती. काकूंनी ती सोडली, पट्ट्या निमुळत्या कापून पुन्हा बांधून दिली. त्याला ते आवडलं नाही. जोर कमी झाला, असं तो म्हणाला. काकू म्हणाल्या, "जोर तुझ्या दंडात आहे ना? मग झालं."

त्यानंतर तो त्यांना आमा, म्हणजे आई, म्हणायला लागला. काकू त्याच्या बायकोचं वजन करायच्या, तिला चैत्रात सातवा महिना लागला. गोळ्या लिहून दिल्या, त्या घेते की नाही हे बघायला रोज गडगा ओलांडून जायच्या. गुडघे दुखत होते तरी जायच्या.

आंबा पाडाला आला होता. सकाळची वेळ. मी काकूंच्या पडवीत पेटीसाठी गवत निवडत होते. मानबहादूर पळत आला. उजव्या हातात गलोल. डाव्या मुठीची हाडं टम्म सुजलेली, एका ठिकाणी कातडं फाटून रक्त आलेलं. तो हसत होता.

"आमा, बघ! तुटला! बरोबर तू बोलली होती तिथं तुटला!"

रबर चामड्याच्या बाजूला तुटलं होतं, निमुळत्या टोकाला. लांब पट्टी बेचक्याला लोंबकळत होती.

काकूंनी त्याचा हात पाहिलाच नाही. त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि उजेडाकडे वळवला. एक पापणी खाली ओढली, मग दुसरी. एक डोळा झाकला आणि बोटं समोर धरली. "किती?"

"दोन."

दुसरा डोळा झाकला. "आता?"

"चार. आमा, डोळ्याला काय नाय झालं. हात..."

"गप. आता किती?"

"एक."

आणि मग त्या पायरीवर मटकन बसल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. गावानंही पाहिलं नसावं. आवाज करून, छाती हलेपर्यंत, टॉवेल तोंडावर दाबून त्या रडत राहिल्या. मानबहादूर घाबरला. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना. तो मला विचारायला लागला, "ताई, आमाला काय झाला?"

बापू आतून आले. त्यांनी लोंबकळणारं रबर हातात घेतलं, तुटलेलं टोक डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. मग ते काकूंच्या शेजारी बसले. मला वाटतं, त्या दोघांना मी इतकं जवळ बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

"नलू, एक डोळा गेला, एक वाचला," ते म्हणाले. "या पोराचे तर दोन वाचले. आता माझ्या डोळ्याचा नाद सोड. ऊठ, त्याच्या हाताला बर्फ लाव."

काकूंनी टॉवेलानं तोंड पुसलं. "तुम्ही म्हणा आधी."

"काय म्हणू?"

"मी बांधलं होतं म्हणून."

बापूंनी हातातलं रबर पायरीवर ठेवलं. मानबहादूर सुजलेला हात दुसऱ्या हातात धरून उभा होता.

"तू बांधलं होतंस," बापू म्हणाले. "मग? मी कधी तुला काही बोललो?"

"तेच तर. बोलला असतात तर सोपं झालं असतं."

"बरं. आता बोलतो. वाईट बांधलं होतंस. फार वाईट. झालं?"

"झालं," काकू म्हणाल्या आणि बर्फ आणायला उठल्या.

त्या दिवसानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बापूंच्या बोटीबद्दल काकू तोवर कधी बोलायच्या नाहीत. बापूंनी विषय काढला तर त्यांना काहीतरी काम आठवायचं. पण त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी त्यांच्याकडून दूध आणायला गेले तेव्हा पडवीत त्या बापूंना विचारत होत्या, "बोटीवर तुम्ही खायचात काय हो? रोज?" आणि बापू सांगत होते. कुठल्या बंदरात ब्रेड कसा मिळायचा, गोव्याचा आचारी माशाची आमटी कशी करायचा, वादळात ताटं धरून उभ्यानं कसं जेवायचं. काकू मध्ये मध्ये "अरे देवा" म्हणत होत्या. मी दूध घेतलं आणि निघाले, पण माझ्या पडवीत बसूनही बापूंचा आवाज कितीतरी वेळ ऐकू येत होता. मग हे रोजचंच झालं. तो पावसाळा त्यांनी त्या बोलण्यात काढला. मानबहादूरला मुलगी झाल्याचा फोन नेपाळहून आला तेव्हाही बापू काकूंना कोलंबोचं बंदर समजावून सांगत होते, आणि काकूंनी दोन्ही गोष्टींना एकाच दमात "छान, छान" म्हटलं होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी श्रावणात बापू गेले. सकाळी दाढी केली, आरसा खुंटीला लावला आणि छातीत कळ आली म्हणून खाटेवर आडवे झाले. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. मी पोचले तेव्हा काकूंनी पंखा बंद केला होता, बापूंच्या डोक्याखाली उशी सरकवली होती, दोन्ही पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवला होता. त्या फोनवर बोलत होत्या. आवाज अगदी कामावरचा. पत्ता सांगितला, रस्ता सांगितला, दरड कुठं आली आहे तेही सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाल्या, "एकच आहे. चालेल ना?"

तिकडून कुणीतरी हो म्हणालं असावं. काकूंनी डोळे मिटले आणि भिंतीला टेकल्या.

चिपळूणहून नेत्रदानाची माणसं आली. बरोबर एक तरुण डॉक्टरीण होती. काकूंनी तिला हात धुवायला पाणी दिलं, स्वच्छ पंचा दिला. ती आत गेल्यावर त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या, ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाईक उभे राहतात तशा. काम झालं तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, "आजी, चांगला आहे डोळा. उपयोगी पडेल."

"पडणारच," काकू म्हणाल्या. "जपून वापरायचे ते."

त्यानंतर काकू झपाट्यानं थकल्या. बोटांची पेरं सुजली, वाकडी झाली. ताणलेली पट्टी हातात राहीना. शिमग्याआधीच्या तपासणीला त्या खुर्चीत बसायच्या आणि बचत गटाच्या बायका वेढे द्यायच्या. काकू नुसत्या नजरेनं "सोड, परत बांध" म्हणायच्या. मुलीनं, शुभदानं, खूप आग्रह केला. तिचा रत्नागिरीत मांडवीला फ्लॅट आहे, खाली दवाखाना, लिफ्ट. दोन वर्षं नाही नाही म्हणून शेवटी काकू तयार झाल्या.

गाडीनं तवसाळपर्यंत जायचं, तिथून फेरीबोटीत गाडी घालून पलीकडं जयगड, मग रत्नागिरी. मी त्यांना सोडायला तवसाळच्या धक्क्यापर्यंत गेले. वाटेत त्या मला माझ्या कलमांबद्दल सूचना देत होत्या. गडग्याकडच्या चौथ्या कलमाला पाणी जास्त होतं. मी रात्री जागून मोबाईल बघते ते माझ्या डोळ्यांखाली दिसतं. रविवारी केस धुवून ओल्या केसांनी झोपू नये. धक्क्यावर उतरल्यावर मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "जा आता. उन्हात उभी राहू नको."

बोट लागली. शुभदानं गाडी आत घेतली. मला वाटलं, काकू गाडीतच बसून राहतील. बोट धक्का सोडून हलली तेव्हा गाडीचं मागचं दार उघडलं. काकू एकट्या उतरल्या. लुगड्याचा पदर खोचला आणि दोन गाड्यांच्या मधून एकेक पाऊल टाकत कडेच्या कठड्यापाशी गेल्या. शुभदा मागून काही म्हणत होती, तिला त्यांनी हातानंच थांबवलं.

बोटीवरची सगळी माणसं जयगडच्या दिशेला बघत होती, उतरायच्या घाईत. काकूंनी तिकडं पाठ केली होती. दोन्ही हातांनी कठडा धरून त्या खाडीच्या मुखाकडे, उघड्या समुद्राकडे बघत उभ्या होत्या. खूप लांबवर एक मालवाहू बोट चालली होती, इथून हलते की नाही ते कळू नये इतकी लांब. फेरीबोट वळली तसा काकूंनी कठडा सोडला आणि त्या लांबच्या बोटीला हात केला, सावकाश, पुन्हा पुन्हा, ती दिसेनाशी होईपर्यंत.